ध्वनीचें मापांतर : ४४,१०० आणि ४८,०००

रुग्णालयांत तापाच्या रोग्याच्या उशाशीं एक तक्ता टांगलेला असतो. परिचारिका दर चार तासांनीं ताप पाहते आणि चौकटीच्या कागदावर एक ठिपका देते. अशा रीतीनें दिवसाचे सहा ठिपके होतात. आतां समजा, तो रोगी दुसऱ्या रुग्णालयांत नेला आणि तेथें दर तीन तासांनीं, म्हणजे दिवसांतून आठ वेळां, ठिपका देण्याची वहिवाट आहे. तेथील डॉक्टरांना मागल्या आठवड्याचा तक्ता आपल्या वहिवाटीप्रमाणें मांडलेला हवा आहे. गेलेली वेळ परत आणतां येत नाहीं आणि त्या वेळचा ताप पुन्हां मोजतां येत नाहीं. मग करावयाचें काय? जुन्या ठिपक्यांतून एक सलग वक्ररेषा काढावयाची आणि त्या रेषेवर तीन तीन तासांच्या जागीं जी उंची सांपडेल ती नव्या तक्त्यावर मांडावयाची. ठिपके निराळे पडतील. पण ते ज्या तापाचे आहेत तो ताप बदलतां कामा नये.

ध्वनिमुद्रणाच्या धंद्यांत हें काम नित्य करावें लागतें. फरक इतकाच, कीं तेथें ठिपके दिवसाला सहा नसून सेकंदाला हजारों असतात. आणि ज्याला सराऊंड साउंड म्हणतात त्या प्रकारांत असा एकच तक्ता नसून सहा तक्ते एकाच वेळीं नव्यानें मांडावे लागतात. हे सहाही तक्ते आपापल्या परीनें अचूक मांडले, पण त्यांतील एखादा केंसभर पुढेंमागें सरकला, तर काय बिघडतें, आणि तें बिघडूं नये म्हणून काय करतात, हाच या भाषणाचा विषय आहे.

ध्वनि म्हणजे हवेचें कंपन. मायक्रोफोन त्या कंपनाचें विजेच्या कमीजास्त दाबांत रूपांतर करतो. अंकीय ध्वनिमुद्रणांत हा दाब ठराविक काळानें मोजतात आणि प्रत्येक मोजणीचा आंकडा लिहून ठेवतात. या एकेका आंकड्यास ‘नमुना’ म्हणतात, आणि एका सेकंदांत जितके नमुने घेतले जातात त्या संख्येस ‘नमुन्यांचा दर’ म्हणतात. कॉम्पॅक्ट डिस्कवरील संगीताचा दर सेकंदाला ४४,१०० असतो. चित्रपट व दूरचित्रवाणी यांच्या ध्वनीचा दर बहुधा ४८,००० असतो.

येथें कोणीही सहज शंका काढील, कीं दोन नमुन्यांच्या मधल्या काळांत ध्वनीनें काय केलें याची नोंद कोठेंच नाहीं. मग मधली रेषा काढणें हा केवळ अंदाजच नव्हे काय? तापाच्या तक्त्याच्या बाबतींत ही शंका खरी आहे. ध्वनीच्या बाबतींत मात्र तिला समाधानकारक उत्तर आहे. अमेरिकेंत हॅरी नायक्विस्ट यांनीं १९२८ मध्यें तारायंत्राच्या संदेशांचा विचार करतांना या उत्तराचा पाया घातला. रशियांत कोतेल्निकोव्ह यांनीं १९३३ मध्यें व अमेरिकेंत क्लॉड शॅनन यांनीं १९४९ मध्यें तें स्पष्ट गणितानें मांडलें. त्यांच्या सिद्धांताचें सार असें : एखाद्या ध्वनींत जी सर्वांत जलद कंपनें असतील त्यांच्या दुपटीहून अधिक दरानें नमुने घेतले, तर त्या नमुन्यांतून जाणारी वक्ररेषा एकच असूं शकते, दुसरी नाहीं. मनुष्याच्या कानाला साधारणपणें सेकंदास २० पासून २०,००० पर्यंतचीं कंपनें ऐकूं येतात. २०,००० ची दुप्पट ४०,०००. ४४,१०० आणि ४८,००० हे दोन्ही दर त्याहून अधिक आहेत. म्हणजे दोघांतही कानापुरता सर्व ध्वनि सामावला आहे. कोणताच खोटा नाहीं.

असें असतां जगानें एकच दर कां स्वीकारला नाहीं? याचें कारण शास्त्रांत नसून इतिहासांत आहे. सन १९७० नंतरच्या दशकांत ध्वनीचे इतके आंकडे साठविण्यास सोयीचें यंत्र मिळेना, म्हणून चित्रें मुद्रित करणारा व्हिडिओ रेकॉर्डर त्या कामीं लावण्यांत आला. आंकडे चित्राच्या ओळींत काळ्यापांढऱ्या ठिपक्यांच्या रूपानें भरावयाचे. जपान व अमेरिका येथील पद्धतींत सेकंदाला ६० अर्धचित्रें, प्रत्येकांत उपयोगी २४५ ओळी, आणि ओळींत तीन नमुने : गुणाकार ४४,१०० येतो. युरोपांतील पद्धतींत ५० अर्धचित्रें, २९४ ओळी आणि तीन नमुने : गुणाकार पुन्हां ४४,१००. दोन्ही पद्धतींना जमणारा आंकडा मिळाला, आणि फिलिप्स व सोनी या कंपन्यांनीं १९८० मध्यें कॉम्पॅक्ट डिस्कचे नियम ठरविले तेव्हां तोच कायम झाला. पहिल्या तबकड्या १९८२ मध्यें जपानांत विक्रीस आल्या.

चित्रपटवाल्यांना मात्र हा आंकडा अडचणीचा होता. चित्रपटांत सेकंदाला २४ चित्रें सरकतात. ४४,१०० ला २४ नें भागलें तर एका चित्राच्या वांट्यास १,८३७ नमुने व वर अर्धा येतो. आणि अर्धा नमुना कापतां येत नाहीं. ४८,००० ला भागलें तर नेमके २,००० येतात. सेकंदाला २५ चित्रें असतील तर १,९२० आणि ३० असतील तर १,६००. ४८,००० हा आंकडा चित्रांशीं गुण्यागोविंदानें नांदतो, म्हणून त्या धंद्यांत तो रूढ झाला. अशा रीतीनें संगीताचें एक माप पडलें आणि चित्रपटाचें दुसरें. डिस्कवरील संगीत चित्रपटांत घालावयाचें झालें, किंवा चित्रपटांतील संगीताची डिस्क काढावयाची झाली, कीं मापांतर आलेंच.

मापांतर न करतां ४४,१०० दराचे नमुने ४८,००० दराच्या यंत्रावर तसेच वाजविले, तर एक सेकंदाचे नमुने सेकंद संपण्यापूर्वींच संपतात. एक तासाची मैफल पंचावन्न मिनिटें आणि साडेसात सेकंदांत आटोपते. आणि गति वाढली कीं स्वरही चढतो. पांढरी एक मध्यें गाणाऱ्या गवयाचा षड्ज काळी एक आणि पांढरी दोन यांच्या जवळजवळ मध्यावर जाऊन बसतो. पेटीच्या कोणत्याच पट्टीशीं तो मिळत नाहीं. अशाच जातीचा, पण सौम्य, फरक दूरचित्रवाणीवर पुष्कळ काळ चालवून घेतला गेला. २४ चित्रांचा चित्रपट २५ चित्रांच्या पद्धतीच्या देशांत, म्हणजे भारत व युरोपचा बराच भाग येथें, थोडा जलद पळवून दाखवीत. त्यामुळें अडीच तासांचा चित्रपट दोन तास चोवीस मिनिटांत संपे, आणि स्वर मुद्दाम खालीं उतरविला नाहीं तर गाणें सुमारें पाऊण पट्टी वर चढे.

खरें मापांतर करण्याची रीति शाळेंतल्या अंकगणितांतच आहे. ४४,१०० आणि ४८,००० यांचा महत्तम साधारण विभाजक ३०० आहे. त्यानें दोघांना भागलें तर १४७ आणि १६० राहतात. म्हणजे जुने १४७ नमुने जितक्या काळाचे, तितक्याच काळाचे नवे १६० नमुने झाले पाहिजेत. दोन्ही संख्यांचा लघुत्तम साधारण विभाज्य ७०,५६,००० येतो. एका सेकंदाचे इतके बारीक भाग पाडले, तर जुना प्रत्येक नमुना त्यांतील कोणत्या तरी खुणेवर बसतो आणि नवा प्रत्येक नमुनाही बसतो : जुने दर १६० व्या खुणेवर, नवे दर १४७ व्या खुणेवर. रुग्णालयाच्या तक्त्यांत ज्याप्रमाणें एकेका तासाची रेघ दोन्ही वहिवाटींना पुरते, तसेंच हें आहे.

आतां जुन्या नमुन्यांमधल्या रिकाम्या खुणांवर कोणती उंची मांडावयाची? दोन ठिपके सरळ रेषेनें जोडणें ही पहिली कल्पना सुचते. पण ती चुकीची आहे. उंच स्वरांत एका कंपनाच्या वांट्यास दोनतीनच नमुने येतात. तेथें सरळ रेषा कंपनाचा माथा छाटून टाकते. त्यामुळें झांजेचा टणत्कार बोथट होतो आणि मुळांत नसलेली खरखर उत्पन्न होते. बरोबर रीति अशी, कीं रिकाम्या खुणांवर प्रथम शून्यें मांडावयाचीं आणि मग तें सर्व एका गणिती गाळणींतून गाळावयाचें. ही गाळणी २२,०५० च्या आंतील कंपनें जाऊं देते आणि त्यावरील अडविते. गाळून जी रेषा निघते ती मूळ ध्वनीचीच. संगणक प्रत्यक्षांत सत्तर लाख खुणांचा हिशेब करीत नाहीं. जी खूण नव्या नमुन्याची आहे तेवढ्याचाच करतो. त्यासाठीं आजूबाजूच्या कित्येक जुन्या नमुन्यांना ठरलेल्या प्रमाणांनीं गुणून त्यांची बेरीज घेतात. अशा प्रमाणांचे १६० संच आधींच तयार करून ठेवलेले असतात, आणि ते क्रमानें फिरत राहतात.

दर कमी करावयाचा असेल तेव्हां गाळणीची गरज अधिकच असते. ९६,००० दराचा ध्वनि ४८,००० वर आणण्यासाठीं एकाआड एक नमुना टाकून दिला, तर काम झालेंसें वाटतें. परंतु मूळ ध्वनींत सेकंदाला ३०,००० कंपनांचा, कानाला न ऐकूं येणारा, एखादा सूर असेल, तर तो नव्या तक्त्यांत १८,००० कंपनांचा सूर म्हणून प्रकट होतो. चित्रपटांत धांवत्या रथाचीं चाकें उलटीं फिरतांना दिसतात, त्यांतलाच हा प्रकार. नमुने विरळ पडले कीं जलद गति मंद गतीचें सोंग घेते. आणि एकदां हें सोंग खऱ्या ध्वनींत मिसळलें, कीं मागून कोणतीही गाळणी त्याला निवडून काढूं शकत नाहीं. म्हणून आधीं गाळावें आणि मग टाकावें, हा क्रम कधींही मोडूं नये.

हें सर्व एका तक्त्याचें झालें. आतां सहा तक्त्यांकडे वळावयाचें. श्रोत्याला ध्वनीनें वेढून टाकण्याची कल्पना जुनी आहे. वॉल्ट डिस्ने यांच्या ‘फॅन्टेझिया’ या चित्रपटासाठीं १९४० मध्यें ध्वनीची एक स्वतंत्र फिल्म चित्राच्या फिल्मबरोबर चालवून अनेक लाउडस्पीकरांतून संगीत ऐकविण्यांत आलें होतें. १९९२ मध्यें ‘बॅटमॅन रिटर्न्स’ या चित्रपटाबरोबर डॉल्बी कंपनीची अंकीय पद्धत आली, आणि १९९३ मध्यें ‘ज्युरासिक पार्क’ बरोबर डीटीएस् ही दुसरी. या पद्धतींत ध्वनीचे सहा स्वतंत्र प्रवाह असतात. त्यांना चॅनेल म्हणतात. पुढें डावा, मधला व उजवा. मागें डावा व उजवा. आणि सहावा केवळ खोल गडगडाटासाठीं. या सहाव्यांत सेकंदाला सुमारें १२० कंपनांपर्यंतचाच ध्वनि असतो, म्हणून त्याला पूर्ण एक न धरतां दशांश मानतात आणि सर्व मिळून ‘पांच पॉइंट एक’ म्हणतात. घरीं ऐकतांना पुढील डावा व उजवा लाउडस्पीकर श्रोत्याच्या समोरील मध्यरेषेपासून ३० अंशांवर आणि मागील दोघे १०० ते १२० अंशांवर ठेवावे, असा आंतरराष्ट्रीय संकेत आहे.

या सहांच्या मधोमध बसलेल्या श्रोत्याला पाऊस डोक्याभोंवतीं पडतो असें वाटतें, किंवा घोडा डावीकडून मागें गेला असें वाटतें, तें कशामुळें? ध्वनीच्या जोरांतील भेदामुळें, आणि वेळेंतील भेदामुळें. डावीकडचा आवाज उजव्या कानास किंचित् उशिरा पोंचतो. हा उशीर फार झाला तर सेकंदाच्या हजाराव्या भागाचा सुमारें दोन तृतीयांश. आणि अनुकूल परिस्थितींत कान सेकंदाच्या एक लक्षांश भागाचा भेदही ओळखतो. ४८,००० दरानें दोन नमुन्यांमधील अंतर सेकंदाच्या सुमारें अठ्ठेचाळीस हजारांश भागाचें, म्हणजे त्याच्या दुप्पट, आहे. यावरून एका नमुन्याचें मोल ध्यानांत येईल. आवाज कोणता आहे हें प्रत्येक चॅनेल स्वतः सांगतो. तो कोठें आहे हें मात्र चॅनेलांमधील परस्परसंबंध सांगतो. मापांतरांत हा संबंध जपणें हेंच सर्वांत नाजूक काम होय.

हा संबंध कसा तुटतो? व्यावसायिक यंत्रांत ध्वनि पुष्कळदां दोन दोन चॅनेलांच्या जोडीनें तारेंतून नेतात. सहा चॅनेलांच्या तीन जोड्या होतात, आणि प्रत्येक जोडीस मापांतराचें स्वतंत्र यंत्र लावलेलें असतें. येणाऱ्या ध्वनीचें घड्याळ व जाणाऱ्या ध्वनीचें घड्याळ हीं निराळीं असल्यास यंत्राला दोघांचें गुणोत्तर चालतां चालतां स्वतःच अजमावावें लागतें. तीन यंत्रें तीन अंदाज करतात. प्रत्येकाचा अंदाज स्वतःपुरता चांगला असतो. परंतु एक यंत्र एका ठिकाणाहून मोजूं लागतें, दुसरें त्याच्या थोडें पुढून. परिणामीं एक जोडी दुसरीच्या मागें राहते. प्रत्येक चॅनेल एकटा ऐकला तर निर्दोष वाटतो, म्हणून ही चूक तपासणींत सहज निसटते. पण सर्व मिळून ऐकतांना मधोमध उभा असलेला गायक बाजूस सरकतो.

पुढें घरीं दोनच लाउडस्पीकर असल्यामुळें सहांचे दोन केले, कीं या चुकीचें दुसरें रूप दिसतें. एकच आवाज मधल्या आणि डाव्या अशा दोन्ही चॅनेलांत सारख्या जोरानें असेल, आणि त्यांतील एक २४ नमुन्यांनीं, म्हणजे सेकंदाच्या दोन हजारांश भागानें, मागें असेल, तर बेरजेंत १,००० कंपनांचा सूर दोघांत मिळून नाहींसा होतो. एकाचा चढ आणि दुसऱ्याचा उतार एकाच क्षणीं येतात. ३,००० व ५,००० कंपनांच्या सुरांचीही तीच गति. मनुष्याच्या बोलण्यांतील स्पष्टपणा याच टापूंत असतो; म्हणून आवाज नळींतून आल्यासारखा पोकळ ऐकूं येतो.

याहून मोठा घोटाळा घड्याळांमुळें होतो. समजा, पुढील चॅनेल एका यंत्रावर व मागील चॅनेल दुसऱ्या यंत्रावर चालले आहेत, आणि दोन्हींवर ४८,००० असेंच लिहिलें आहे. पण त्यांच्या स्फटिकांच्या घड्याळांत दहा लाखांत दहा इतकाच फरक आहे. अडीच तासांच्या शेवटीं दोघांत सेकंदाच्या नऊ शतांश भागाचें अंतर पडतें. जर्मनींत हेल्मुट हास यांनीं १९४९ मध्यें प्रयोगांनीं दाखविलें, कीं मागून येणारा तोच आवाज फार उशिरा आला नाहीं तर कान दोघांस एकच समजतो. पण उशीर वाढला कीं तो प्रतिध्वनि होतो. नऊ शतांश सेकंद हा प्रतिध्वनीचाच प्रांत. चित्रपटाच्या आरंभीं एकदांच लागलेलें दार शेवटीं दोनदां लागतें.

या रोगांवरील औषध एकच. सहाही चॅनेलांना एकच घड्याळ, एकच गुणोत्तर आणि एकच गाळणी असावी. जेथें तीन यंत्रें लागतात तेथें एकानें गुणोत्तर ठरवावें आणि इतर दोघांनीं तेंच घ्यावें. पुष्कळ यंत्रांत तशी सोय मुद्दाम केलेली असते. सहाव्या, गडगडाटाच्या, चॅनेलांत उंच स्वर नसतातच, तेव्हां त्याला साधी, आंखूड गाळणी पुरे, असा मोह होतो. तो टाळावा. गाळणी जितकी लांब तितका ध्वनि तिच्यांतून उशिरा बाहेर पडतो. एकाची गाळणी आंखूड असली तर तो इतरांच्या आधीं बाहेर येतो, आणि नगाऱ्याचा घुमारा टिपरीच्या आघाताच्या पुढें धांवतो. गाळणी बदलावयाचीच असेल तर दोघांच्या उशिरांतील फरक मोजून तो भरून काढला पाहिजे.

आणखी दोन गोष्टी थोडक्यांत. कोणता चॅनेल कितवा, याचे संकेत एकसारखे नाहींत. चित्रपटांतील एका संकेतांत डावा, मधला, उजवा असा क्रम असतो, तर दुसऱ्यांत डावा, उजवा, मधला. प्रवाहांबरोबर त्यांचीं नांवेंही गेलीं पाहिजेत. नाहींतर संवाद कोपऱ्यांतून येऊं लागतात. दुसरी गोष्ट अशी, कीं कांहीं तबकड्यांवर सहा चॅनेल दाबून, सांकेतिक रूपांत, साध्या दोन चॅनेलांच्या ४४,१०० दराच्या संगीताच्या वेषांत ठेवलेले असतात. संगणक त्यांना संगीत समजून भोळेपणानें ४८,००० मध्यें बदलतो. हे आंकडे म्हणजे ध्वनीची उंची नसून सांकेतिक लिपीचीं अक्षरें होत. तीं एकदां बदललीं कीं लिपी उलगडणारें यंत्र तीं ओळखीत नाहीं, आणि लाउडस्पीकरांतून नुसती सरसर येते. अशा वेळीं आधीं संकेत उलगडावा, सहा प्रवाह मोकळे करावे, आणि मग मापांतर करावें.

उत्तम रीतीनें केलेलें मापांतर कानास कळत नाहीं. तरीही प्रत्येक वेळीं आंकडे किंचित् सांधले जातात, किंचित् काटले जातात. सहाव्या प्रतीवरून सातवी करीत गेल्यास हे किंचित् साठत जातें. आणि मध्येंच कोणी एक जोडी मागें पडूं दिली असेल, तर ती चूक पुढील सर्व प्रतींत वारसा म्हणून उतरते. ज्यांनीं तें संगीत वाजविलें ते वादक पुन्हां त्याच दालनांत, त्याच जागीं बसून तें वाजवूं शकणार नाहींत. यासाठीं ज्या दरानें मुद्रण झालें त्या दराची मूळ प्रत, चॅनेलांच्या नांवांसह, अलग जपून ठेवावी. आणि जेव्हां जेव्हां दुसऱ्या दराची प्रत हवी असेल तेव्हां ती मूळ प्रतीवरूनच काढावी. नव्या रुग्णालयानें आपला तक्ता खुशाल आपल्या वहिवाटीनें मांडावा. जुन्या परिचारिकेनें हातानें दिलेले ठिपके मात्र फाडून टाकूं नयेत.